खिडकीतलं तळं

वन्संनी पडदा सर्रकन ओढला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. काचेपलीकडे हातभर अंतरावर पांढरी भिंत होती, आणि भिंतीला टेकून कचऱ्याचे तीन ड्रम.

“वहिनी, तळं कुठाय गं?”

वहिनी अजून दारातच होत्या. पायातल्या चपला गालिच्यावर ठेवाव्यात की हातात धराव्यात, हे त्यांचं ठरत नव्हतं.

“असेल. दुसऱ्या बाजूला असेल.”

“दुसऱ्या बाजूला बाथरूम आहे.”

वन्सं म्हणजे त्यांची धाकटी नणंद. जिभेला हाड नाही, पण हाकेला धावून येणारी. वहिनींचे यजमान सहलीच्या बसवर ड्रायव्हर होते. अठरा वर्षं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यांनी पाहुण्यांना या हॉटेलात आणून सोडलं. निवृत्तीला चार महिने उरले असताना ते गेले. परवा कंपनीने त्यांची आठवण म्हणून इथल्या दोन दिवसांच्या मुक्कामाचं पाकीट वहिनींच्या हाती ठेवलं होतं.

वहिनींनी फोन उचलला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. “मॅडम, तळं आपल्या कुठल्याच खोलीतून दिसत नाही. मधे झाडी आहे ना.”

“कुठल्याच नाही?”

“पहिल्यापासूनच नाही, मॅडम.”

त्यांनी फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. जन्म गेला होता हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात. हात आपोआप चादरीवर फिरला. सूत उत्तम होतं, पण कोपरा नीट दुमडलेला नव्हता. त्यांनी उठून तो दुमडला.

अठरा वर्षं त्या ऐकत आल्या होत्या. जेवताना हे सांगायचे, “पलंगावर पडल्या पडल्या खिडकीतून तळं दिसतं. बदकं रांगेने येतात आणि मधोमध आली की उगाच माघारी वळतात. तुला नेणार एकदा.” गरम चादरींच्या वाफेत उभं राहून त्यांनी ती खिडकी इतक्यांदा पाहिली होती, की तिची कडीसुद्धा त्यांना पाठ होती.

जेवायला गेल्या, तर परातीएवढ्या बशीत तीन घास. “वाढणारा घाबरला की काय?” वन्सं पुटपुटल्या. वहिनी हसल्या नाहीत.

“दादा थापाच मारायचा,” वन्सं जरा वेळाने म्हणाल्या. “लहानपणापासून. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

“थापा मारायला मी काय परकी होते, वन्सं?”

सकाळी खोली आवरायला एक वयस्क बाई आली. तिने पलंग पाहिला आणि थबकली. “चादर तुम्ही घातलीत?”

“सवय आहे हो. हॉस्पिटलात होते.” वहिनींनी चादरीचं एक टोक धरलं, बाईने दुसरं. चादरीला दोघींचा झटका एकदम बसला, तशी ओळखच झाली. मग वहिनींनी विचारलं, “बसचे ड्रायव्हर कुठल्या खोलीत उतरतात?”

“खोलीत?” बाईने उशी छातीशी धरली. “त्यांना आत येऊ देत नाहीत, ताई. पायरीसुद्धा चढू देत नाहीत. स्वयंपाकघरामागे शेड आहे, तिथे थांबतात दिवसभर.”

वहिनींनी चप्पल घातली. वन्सं मागोमाग निघाल्या.

शेड पत्र्याची होती. आत एक लांब बाकडं, खुंटीला कुणाचा तरी शर्ट, रॉकेलचा वास. उजेडासाठी पत्र्यात एक चौकोन कापला होता. त्याला चौकट नव्हती, काच नव्हती, कडी नव्हती. वहिनी बाकड्यावर बसल्या. दिसेना. त्या हळूच कुशीवर आडव्या झाल्या, आणि त्या चौकोनात अख्खं तळं आलं. बदकं मधोमध आली आणि उगाच माघारी वळली.

“आई गं,” वन्सं म्हणाल्या.

वहिनी बराच वेळ तशाच पडून होत्या. गादीएवढीसुद्धा जागा नव्हती ती. कूस बदलायची तर माणूस खाली पडला असता.

पावलं वाजली तशा त्या उठून बसल्या. खाकी शर्टातला एक ड्रायव्हर डबा घेऊन दारात उभा होता. “चुकलात वाटतं, ताई. पाहुण्यांची बाजू पलीकडे.”

“नाही चुकलो. बसा तुम्ही. पहाटेपासून गाडी चालवली असेल.” वहिनी सरकल्या.

तो संकोचत टेकला, डबा गुडघ्यांवर उघडला आणि तळ्याकडे पाठ करून जेवू लागला. घास मोठे होते, भुकेल्या माणसाचे.

“घरी कोण कोण आहे?” वहिनींनी विचारलं.

“बायको आहे. दोन मुली.”

“त्यांना काय सांगता इथलं?”

तो ओशाळं हसला. “काय सांगायचं, ताई? सांगतो, झकास आहे. एकदा नेईन म्हणतो.”

खोलीतून येताना वन्संनी पाण्याची सीलबंद बाटली आणली होती. वहिनींनी ती त्यांच्या हातातून घेतली, झाकण फिरवून उघडलं आणि त्याच्या शेजारी बाकड्यावर ठेवली.