भिंतीलगतची ओळ

मनीषाच्या पत्राला तीन आठवडे झाले, तरी मोतीरामनं उत्तर धाडलं नव्हतं. सून नातीला, वेदिकाला, घेऊन देवळाली कॅम्पला माहेरी गेलेली. नवरा फोनवर नुसतं "करतो, करतो" म्हणायचा, म्हणून तिनं सासऱ्याला लिहिलं होतं: 'नाना, इथं वेदिकाला धाप लागत नाही. खोलीची भिंत काळी आहे तोवर मी तिला आणणार नाही. खरं काय ते तुम्हीच कळवा.'

तसं दिंडोरीकडच्या त्या मळ्यात बुरशीची हयगय होत नव्हती. द्राक्षाच्या पानावर ठिपका दिसला, की मोतीरामचा मुलगा समाधान ताटावरून उठायचा. फोटो सल्लागाराला जायचा, दिवस मावळायच्या आत फवारणी व्हायची. घरातल्या भिंतीवर बुरशी चढली, तिच्यावर त्यानं कॅलेंडर टांगलं. ती कॅलेंडरच्या बाहेर आली, तेव्हा मोठं कॅलेंडर आणलं. शेवटी बागेचाच पंप पाठीवर घेऊन खोलीत फवारा मारला. भिंत चार दिवस उजळली. पोरीची छाती मात्र भात्यासारखी वाजू लागली. त्याच दिवशी मनीषानं पिशवी भरली.

"औषध कमी पडलं," समाधान म्हणाला.

"औषध नाय रे, खिडकी," मोतीराम पुटपुटला. "ती उघडतच नाय."

"कशी उघडायची, नाना? भायेर वेलीची ओळ हाय. फवारा घरात येतो."

"आन ठिबकचं पाणी भिंतीत."

"मंग ओळ काढू? एक्स्पोर्टचा माल हाय त्यो!"

समाधानची आई गोजराबाई भाकरी थापत होती. "द्राक्षं चालली परदेशी, नात गेली आजोळी," ती म्हणाली. "घरात ऱ्हायली बुरशी. तिलाच वाढते आता."

मोतीरामनं कपाटभर पुस्तकं वाचली होती, पण पोटच्या पोराला ठणकावून सांगायचं म्हटलं की नुसता पुटपुटायचा. रोज दुपारी कागद घेऊन बसायचा. 'काम चालू आहे' असं लिहायचा आणि फाडायचा.

सोमवारी समाधान नाशिकला द्राक्षावरच्या बुरशीच्या चर्चासत्राला गेला. मोतीरामनं करवत घेतली. पहिल्या वेलीपाशी बराच वेळ उभा राहिला. आपलं चुकत तर नाही? घरात जाऊन भिंत चाचपली. बोटं ओली झाली. मग मात्र थांबला नाही. दिवेलागणीला ओळ आडवी झाली होती, ठिबकची नळी गुंडाळलेली होती आणि गोजराबाईनं हातोडीनं ठोकून खिडकी उघडली होती.

समाधान आला तो गळ्यात चर्चासत्राचं ओळखपत्र घालून. "नाना! काय केलं हे?"

"तुझे तज्ज्ञ काय म्हनले आज?"

"काय म्हननार? नुस्त्या औषधानं बुरशी जात नाय. गर्दी काढा, ऊन लागू द्या, हवा खेळू..." त्याची नजर उघड्या खिडकीकडे गेली.

"बोल की," गोजराबाई म्हणाली. "दिवसभर बसून ऐकून आलास ना?"

तिसऱ्या दिवशी समाधान नाकाला फडकं बांधून भिंतीचा गिलावा खरवडायला लागला.

तेव्हा मोतीरामनं लिहिलं: 'चि. सौ. मनीषास आशीर्वाद. भिंत अजून ओली आहे, पण ओळ काढली. खिडकी उघडी आहे. आधी एकटी येऊन बघ. पटलं तरच वेदिकाला आण.'

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तर आपण फाडणार, याची खात्री असल्यानं त्यानं पाकीट तसंच चिकटवलं आणि दिंडोरीला जाऊन पेटीत टाकलं.