फुलीवर धरलेला तारा

साल १९८७. मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, आणि तेव्हाही काही नवी नव्हते. माझा आरसा छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका माणसाने सात महिने हाताने घासून घडवला होता. तो वारला, आणि मी त्याच्या पत्नीकडे, म्हणजे वहिनींकडे राहिले. धाकटे दीर घड्याळजी होते.

मृगातल्या तेजोमेघाचा एक तरी फोटो काढायचा, ही त्या माणसाची इच्छा राहूनच गेली होती. आता परसामागे गोदाम उभे राहिले होते. उद्यापासून त्याचे मोठे दिवे लागणार, मग इथून तेजोमेघ कसला दिसतोय! आठवडाभर आभाळ भरलेले. मला जोडलेल्या कॅमेऱ्याच्या रिळातले सगळे फोटो ढगांनी खाल्ले. एकच उरला होता.

माझ्या पाठीवरच्या छोट्या दुर्बिणीत दोन धाग्यांची फुली होती. घड्याळजींनी तिच्यावर एक तारा धरला आणि आकाश सरकेल तसे ते चाक फिरवू लागले. ढग आला की वहिनी माझ्या तोंडावर काळा पुठ्ठा धरीत. ढग सरून तारा पुन्हा फुलीवर आला की काढीत.

अठरा मिनिटे झाली आणि ढगाने ठाणच मांडले. बऱ्याच वेळाने तो फाटला.

“सापडला! काढा पुठ्ठा.”

वहिनी हलल्या नाहीत. “मला बघू द्या आधी.”

“अहो, पुन्हा भरून येईल!”

पुठ्ठा तसाच धरून त्यांनी वाकून पाहिले. “हा तो नाही, भाऊजी. आपल्याच्या शेजारी एक पिटुकला होता.”

“रोज केसाएवढी स्प्रिंग बसवतो मी. मला शिकवता?”

“घड्याळात ढग येत नाहीत.”

माझा जीव टांगणीला लागला. पुठ्ठा निघाला असता, तर फोटोत प्रत्येक तारा दोनदा उमटला असता. मला बोलता येत नव्हते. घड्याळजींनी दात आवळून चाक किंचित मागे फिरवले. पिटुकला दिसला.

“चुकलो, वहिनी.”

पुठ्ठा निघाला. नऊ मिनिटे उजेड आत आला आणि आभाळ मिटले ते मिटलेच.

फोटो फिकट आला, पण तारे टिंबासारखे गोल. “ह्यांनी नाक मुरडलं असतं,” वहिनी म्हणाल्या आणि कितीतरी वेळ तो हातात धरून बसल्या.

पुढे घड्याळजींचा हात कापू लागला. दुकान बंद करून ते मुलीकडे गेले आणि तिथेच वारले. वहिनी नव्वदीपर्यंत जगल्या. जाण्याआधी त्यांनी मला एका शाळेला दिले. तिथे एका गुणी मुलीने माझा आरसा रुमालाने खसाखसा पुसला. चरे पडले. तिचा मला राग नाही, पुसला मायेनेच. पण मित्रांनो, मायेनेसुद्धा आधी विचारावे.

ती मुलगी आता चष्म्याची भिंगे घासते. कोणतेही भिंग हाती घेतले की ती आधी विचारते, “हे कशाने पुसू?”