खुर्च्यांचे पाय

आर्डिसने दुसरी खुर्ची उचलून हलवली आणि खुर्चीच्या पोकळ पायातलं गंजकं पाणी थेट बुटावर सांडलं. बूट जुनाच होता, पण मोजा कोरडा होता, तोही गेला. तिला आज बोलायचं होतं ते वेगळंच होतं आणि सकाळपासून राहून जात होतं.

आत, सरकत्या काचेच्या दरवाजापाशी, तिचा नवरा डेल्मर आरामखुर्चीत बसला होता. मांडीवर घोंगडी, हातात चमचा. कंपवाताने त्याचा आवाज इतका खाली गेला होता की काचेपलीकडे सोडाच, खोलीच्या दुसऱ्या टोकालाही पोचत नसे. म्हणून चमचा. काचेवर एकदा वाजला म्हणजे ठीक, दोनदा वाजला म्हणजे परत कर. उभ्या संसारात इतकं थोडक्यात तो कधी बोलला नव्हता, आणि त्याने तिला इतकं पिडलंही नव्हतं.

टक् टक्.

"निघालं रे सगळं पाणी!" आर्डिस ओरडली.

टक् टक्.

तिने खुर्ची पुन्हा उचलून हलवली. आणखी चमचाभर पाणी निघालं. आता आपलंच खरं ठरल्यावर तो काय ऐकणार होता!

संध्याकाळी बर्फ पडणार असं रेडिओ सकाळपासून सांगत होता. मिनेसोटाच्या उत्तरेला नोव्हेंबरात ह्याचं कोणाला नवल नाही. गल्लीतल्या सगळ्यांनी बागेतले पाइप रिकामे करून गुंडाळले होते, मेजं-खुर्च्या शेडमध्ये गेल्या होत्या. मागचं अंगण पसरलेलं राहिलं होतं ते आर्डिसचंच. तिला वेळ कुठला मिळायला? डेल्मरला रात्री उठवायचं, बसवायचं, कपडे बदलायचे, गोळ्या द्यायच्या, सकाळी पुन्हा तेच. मागच्या आठवड्यात तो न्हाणीघरात घसरला. त्याला उचलता उचलता तीही खाली बसली आणि शेजारचा रॉजर येईपर्यंत दोघं फरशीवर बसून राहिली. "इथे खुर्च्या टाकायला हव्या होत्या," डेल्मर म्हणाला होता. ती हसली होती, आणि त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली होती.

दुसऱ्या दिवशी तिने मुलाला फोन केला. कर्टने गावातली एक जागा केव्हाच बघून ठेवली होती. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, इमारतीत नर्स, न्हाणीत धरायला दांडे. आता उद्यापर्यंत होकार कळवला नाही तर ती दुसऱ्या कोणाला जाणार होती. उद्या कर्ट जेवायला येणार होता.

"आई, बाबांना तू सांगतेस की मी सांगू?"

"मी सांगते. तेवढ्या खुर्च्या आवरून होऊ देत."

आता खुर्च्या आवरत आल्या होत्या आणि सांगायचं तसंच राहिलं होतं. कसं सांगावं? हे घर त्याने स्वतः बांधलेलं, आणि ह्या खुर्च्याही त्याच्याच हातच्या. बोटींचे धक्के बनवणाऱ्या कारखान्यात तो वेल्डर होता. तिथल्या उरल्यासुरल्या नळ्या आणून त्याने सहा खुर्च्या जोडल्या आणि प्रत्येक पायाच्या तळाला बारीक भोक पाडलं. नळीत पाणी साचलं आणि गोठलं की नळी फुटते, म्हणून. एका वर्षी तो इस्पितळात असताना आर्डिसने मोठ्या मायेने सगळ्या पायांना रबरी टोप्या बसवल्या, फरशीला ओरखडे नकोत म्हणून. भोकं बंद झाली. वसंतात बर्फ वितळलं तर दोन खुर्च्यांचे पाय शेंगा तडकाव्यात तसे उभे तडकलेले. डेल्मरने ते पाय बदलले, पण तिला ते विसरू दिलं नाही. घरात कोणाचाही काहीही घोटाळा झाला की म्हणायचा, "टोपी बसवली वाटतं."

सहाव्या खुर्चीलाही एकदाची टक् मिळाली. ती कंबर धरून उभी राहिली. झालं, आता आत जायचं आणि सांगायचं. तेवढ्यात चमचा पुन्हा वाजला आणि डेल्मरने अंगणातल्या लाकडी टेबलाकडे बोट केलं.

तिने दरवाजा सरकवला. "आता काय?"

"तेल," तो पुटपुटला. "ऊन आहे तोवर."

"शेडमध्येच तर जायचंय टेबल. तेल कशाला?"

"लाकूड कोरडं पडलंय. आणि चौथ्या खुर्चीचा स्क्रू ढिला आहे."

"तुला इथून स्क्रू दिसतो?"

"तू तिच्यावर टेकलीस तेव्हा ती हलली."

तिने दरवाजा जरा जास्तच जोरात लावला. जवसाच्या तेलाचा डबा काढला, फडकं काढलं आणि गुडघ्यावर बसून फळी फळी पुसू लागली. गुडघे ठणकत होते, बोटं गारठली होती. पुढच्या वर्षी ह्या टेबलावर कॉफी प्यायला आपण इथे नसणार, आणि हा बिचारा वसंताची तयारी करून घेतोय, ह्या विचारात तिने तीच फळी पुन्हा पुसली. मग तिला त्याचा राग आला. मग राग आल्याचाही राग आला. स्क्रू आवळून होईतो तिचा जीव मेटाकुटीला आला होता. आता शेडपर्यंत खुर्च्या वाहायचं त्राणही तिच्यात नव्हतं. ती तशीच तेलकट हातांनी आत शिरली.

"डेल्मर, मला तुला काहीतरी सांगायचंय. पुढच्या वसंतात—"

"शेडमध्ये नको नेऊस," तो म्हणाला. "पुढे रस्त्यावर ठेव. घेऊन जातील लोक."

"तुला कसं कळलं?"

"तू परवा माझी ही खुर्ची टेपने मोजत होतीस. नव्या खोलीत मावते का बघायला."

"ते मी कव्हर शिवायला—"

"तू? तुला साधं बटण लावता येत नाही, आर्डिस."

ती स्टुलावर बसली. आधी तिला इतकं हलकं वाटलं की रडूच येईना. मग त्या हलकेपणाची लाज वाटली. आणि मग ती भडकली.

"मग सकाळपासून मला राबवलंस कशाला? तेल काय, स्क्रू काय! माझी कंबर मोडली!"

"दुसऱ्याला द्यायची वस्तू धड नको का?" तो थांबला. शब्द गोळा करायला त्याला वेळ लागे. "आणि तू हातात काम असलं की बोलतेस. एरवी गप्पच असतेस. मला वाटलं, दुसऱ्या-तिसऱ्या खुर्चीला बोलशील."

"नाही जमलं बोलायला."

"म्हणून तर टेबल काढलं."

तिने त्याचा हात धरला.

"तुला चालेल ना तिकडे?" तिने विचारलं.

"नाही," डेल्मर म्हणाला. "मला आवडणार नाही. पण तुला झोप हवी. चल, पाटी दे, मी लिहितो."

पुठ्ठा आणि जाड पेन घेऊन त्याने 'फुकट घ्या' लिहायला बराच वेळ घेतला. कंपवाताने त्याचं अक्षर बारीक होत गेलं होतं. आख्ख्या पुठ्ठ्याच्या मधोमध मुंगीएवढे शब्द उमटले. आर्डिसने मोठ्या अक्षरात लिहायला पेन हातात घेतलं, पाटीकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

रॉजरने टेबल आणि खुर्च्या रस्त्याकडेला मांडून दिल्या. आर्डिसने पाटी टेबलाला टेकवली आणि पाच मिनिटं म्हणून एका खुर्चीत बसली. गाड्या येत होत्या, जात होत्या. पाटी कोणाला दिसणार! अंधारून आलं, बर्फाचे पहिले कण पडू लागले, तेव्हा एक छोटा ट्रक हळू होऊन पुढे गेला आणि मागे आला. तरुण नवरा-बायको उतरली. बायकोने वाकून, नाक टेकवून पाटी वाचली.

"अहो, खरंच फुकट आहे हे?"

"खरंच. घेऊन जा."

त्यांनी टेबल चढवलं, मग एकेक करून पाच खुर्च्या. पुढच्या खिडकीवर चमचा वाजला. आर्डिसने मान वळवली. वॉकर धरून डेल्मर कसाबसा खिडकीपर्यंत आला होता आणि मूठ वरखाली हलवून दाखवत होता. वर, खाली, पुन्हा वर.

"ते माझे मिस्टर," ती म्हणाली. "त्यांनीच बनवल्यात. ते सांगतायत, थंडी आली की उचलून हलवा, पाणी काढा. पायात पाणी राहिलं तर फुटतात. आणि टोप्या बसवू नका."

"नाही बसवणार," तरुण म्हणाला. त्याने खिडकीकडे बघून हात केला आणि मग तिच्यापाशी येऊन अवघडून उभा राहिला. "आणि... ही?"

"ही पण तुमचीच," आर्डिस म्हणाली. "पण जरा थांबाल का? मला आत्ता उठवत नाहीये."