मगरीची उडी

समुद्रकाठच्या बारांकिया शहरात जानेवारीचा वारा सुटला की माणसांचं डोकं ठिकाणावर राहत नाही. कार्निव्हल तोंडावर आलेला असतो. दोरीवरचे कपडे उडून शेजारच्या अंगणात पडतात, आणि ते मागायला गेलेला माणूस तिथेच नाचत बसतो. दियोसेलिना मात्र असल्या वाऱ्यात दार लोटून शिलाई मशीनपाशी बसायची. रेबोलो वस्तीतल्या अर्ध्या बायकांचे कार्निव्हलचे घागरे तिच्या हातचे. ही साठीची, जाड चष्म्याची बाई एके काळी अख्ख्या किनाऱ्याची लाडकी गायिका होती, हे नव्या पोरींना सांगूनही पटलं नसतं. तीही सांगायच्या फंदात पडत नसे.

तिचा आवाज गेला नव्हता, उतरला होता. पन्नाशीत एक ताप आला, अंगात मुक्काम ठोकून राहिला, आणि गेला तेव्हा गळ्यातली घंटा घेऊन गेला. मागे उरला खोल, खरखरीत आवाज. तरी तिची खुमखुमी जिरली नव्हती. त्याच आवाजात तिनं एक गाणं रेकॉर्ड केलं. सिएनागाच्या किनाऱ्यावर मासे खारवताना आई जे गुणगुणायची, तेच. शब्द कुठल्या भाषेतले हे आईलाही ठाऊक नव्हतं. तिला ते तिच्या आईकडून आले होते. रेडिओवाल्यांनी नाकं मुरडली. "ही कसली दियोसेलिना? लोकांना ती घंटा हवी." गाणं कुणी वाजवलं नाही. न खपलेल्या तबकड्या कंपनीनं वितळवल्या आणि त्यातून दुसऱ्या कुणाची तरी गाणी काढली. रागाच्या भरात दियोसेलिनानं स्वतःजवळची प्रतही बंदरावरच्या कुणा खलाशाला देऊन टाकली. त्यानंतर ती न्हाणीघरातसुद्धा गायली नाही.

आणि आता, एका रविवारी भर दुपारी, तोंडात टाचण्या धरून ती झालर लावत होती, तर वाऱ्यावरून तिचाच आवाज आला.

तिला वाटलं, डोळा लागला असावा. मशीनवरचं लाल कापड फुगून वर येत होतं, पुन्हा बसत होतं, आणि आवाजही तसाच, वारा आला की यायचा, वारा पडला की विरायचा. खोलीत खारवलेल्या माशांचा वास भरला. दारापाशी आई पाठमोरी बसली आहे असं तिला इतकं स्पष्ट दिसलं की तिनं पाय आखडून घेतले. मग दार धाडकन उघडलं, आणि आईच्या जागी भाची यादिरा नाचत आत आली.

"मावशी, ऐकतेस ना? निळ्या मगरीची नवी रेकॉर्ड! सगळी वस्ती येडी झालीय."

दियोसेलिनानं टाचण्या एकेक करून काढल्या. "कुणाचं गाणं म्हणे?"

"आफ्रिकेतली कुणी आहे. नेमेसियोला एका खलाशानं आणून दिली. जगात एवढी एकच तबकडी आहे, माहितीय?"

निळी मगर म्हणजे नेमेसियोचा पिको, रस्त्यावर नाचासाठी गाणी लावायचा त्याचा अवाढव्य संच. कपाटाएवढे स्पीकर, त्यांच्यावर रंगवलेली जबडा वासलेली मगर, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याच्या फासळ्या थरथराव्यात. पिकोवाल्यांची रीत अशी, की हाती चांगली रेकॉर्ड लागली की तिच्यावरचं नाव सुरीनं खरवडून टाकायचं, म्हणजे दुसऱ्या पिकोवाल्याला ती शोधता येऊ नये. या तबकडीचं नाव तर खलाशानंच आधी खरवडलं होतं, नेमेसियोनं परस्पर मागवू नये म्हणून. एकूण काय, गाणं कुणाचं हे त्या मुलखात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याचं कुणाला दुःखही नव्हतं.

तबकडीवर एक ओरखडा होता. तिसऱ्या ओळीपाशी सुई उडी मारायची आणि एक अख्खी ओळ गिळून पुढे जायची. दुसरीकडे कुठे अशी रेकॉर्ड उकिरड्यावर गेली असती. रेबोलोनं तिचा नाच केला. सुईनं उडी मारली की सगळ्यांनी उडी मारायची. म्हाताऱ्या, पोरं, कडेवर लेकरू घेतलेल्या बायका, सगळे एकदम हवेत. गाण्याचं नावच पडलं मगरीची उडी.

दर रविवारी दियोसेलिना कोपऱ्यावरच्या बदामाच्या झाडाखाली उभी राहून बघू लागली. लोक गाणारीविषयी बोलत होते. ती विशीची आहे, होडीत राहते, पायात काही घालत नाही, तिचा नवरा समुद्रात गेला तो आलाच नाही. एकानं तर तिचा सोन्याचा दातही पाहिला होता. ऐकता ऐकता दियोसेलिनालाही ती दिसू लागली, पाण्यावर डुलत, केस मोकळे सोडून. ज्या आवाजाला हाकलून दिलं होतं, तो त्या पोरीच्या तोंडी किती शोभत होता! तिचा हेवा वाटला, मायाही आली.

पण सुई जी ओळ गिळायची, ती नेमकी आईची ओळ होती. तिथं आल्यावर आईचा हात थांबायचा, मीठ बोटांत तसंच राहायचं आणि ती समुद्राकडे बघायची. ती ओळ गाता यावी म्हणून तर दियोसेलिना स्टुडिओत गेली होती. आणि हे मेले तिथंच उड्या मारत होते!

तिला पैसा नको होता, हारतुरेही नकोत. हा आवाज दियोसेलिनाचा, एवढं कुणीतरी एकदा मोठ्यानं म्हणावं, बस्स. शेवटी एका सकाळी ती नेमेसियोच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

नेमेसियो माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्ची पुसून दिली, कॉफी मागवली, आणि सगळं ऐकून घेतल्यावर पोट धरून हसला.

"दोन्या," वडीलधाऱ्या बाईला मानानं म्हणतात तसं तो म्हणाला, "तुमच्याबद्दल आदर आहे हो. माझी आई तुमच्या गाण्यांवर लाटणं हातात घेऊन नाचायची. पण ती घंटा कुठे आणि ही कुठे?"

"घंटा गेली रे. आता हाच आवाज आहे."

"या महिन्यात तीन बायका येऊन गेल्या, गाणं माझंच म्हणत. एक तर मुकी होती, तिच्या वतीनं नवराच बोलला." तो पुढे झुकला. "बरं, राहू दे. गाऊन दाखवा. आत्ता, इथं."

दियोसेलिनानं तोंड उघडलं. समोर नेमेसियोचा हसरा, वाट बघणारा चेहरा होता, आणि त्याच्यामागे तिला रेडिओवाल्यांची ती तोंडं दिसली. तिनं तोंड मिटून घेतलं आणि ती चष्मा काढून पुसत बसली.

"कॉफी घ्या, दोन्या," नेमेसियो हळूच म्हणाला. त्याची ती दया तिच्या फार जिव्हारी लागली. घरी येऊन ती रडली, आणि मग स्वतःवरच चिडून संध्याकाळपर्यंत घागरे शिवत बसली.

कार्निव्हलच्या आधीच्या रविवारी यादिरा तिला ओढूनच घेऊन गेली. "चल गं, घरात बसून काय अंडी उबवायचीत?" रस्ता गच्च भरला होता. वाऱ्यानं रंगीत झिरमिळ्या फडफडत होत्या, हवेत एकमेकांवर उधळलेल्या मक्याच्या पिठाची पांढरी धूळ उडत होती, आणि त्या धुळीत सगळे चेहरे ओळखीचे आणि अनोळखी एकदमच वाटत होते. गाणं लागलं. पहिली ओळ झाली, दुसरी सुरू झाली, आणि वीज गेली.

मगर गप्प झाली. इतर वेळी शिट्ट्या झाल्या असत्या, वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. पण कुणीतरी गात राहिलं. मग शेजारचं, मग पलीकडचं. अर्थ कुणालाच ठाऊक नसलेले ते शब्द अख्खा रस्ता गाऊ लागला. दियोसेलिनाची आई, जिनं कधी सिएनागा सोडलं नाही, जिचा एक फोटोसुद्धा नव्हता, ती या एवढ्या तोंडांतून गात होती.

तिसरी ओळ आली. सुई नव्हती, ओरखडा नव्हता, तरी लोक गाणं तसंच शिकले होते. सगळे गायचे थांबले आणि हवेत उडाले.

त्या क्षणभराच्या शांततेत दियोसेलिना गायली. ठरवलं नव्हतं. ओळ मोकळी पडली होती, ती उचलायला दुसरं कुणी नव्हतं, एवढंच. डोळे मिटून, खोल, खरखरीत आवाजात तिनं आईची ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटली.

उड्या मारलेले लोक खाली आले ते जागच्या जागी उभे राहिले. पुढचे शब्द कुणी उचललेच नाहीत. ही ओळ त्यांनी कधी ऐकली नव्हती, आणि आवाज मात्र त्यांना पाठ होता. यादिरानं तोंडावर हात ठेवला. "मावशी?"

नेमेसियो स्पीकरवर चढला. माईक बंद, म्हणून दोन्ही हातांचा कर्णा करून, मानेच्या शिरा ताणून तो ओरडला, "दियोसेलिना! अरे लोकहो, ही आपली दियोसेलिना आहे! आपल्या रेबोलोची!"

"ती तर वारली ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

"वारली?" एक बाई कडाडली. "मग माझा घागरा काय भुतानं शिवला?"

हशा पिकला, आणि दियोसेलिनाही हसली, गाल ओले असताना. पाण्यावरची ती पोरगी तिला अजून दिसत होती, पण आता तिच्या डोळ्यांवर जाड चष्मा होता.

"परत म्हणा, दोन्या," नेमेसियो वरूनच म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "पहिल्यापासून."

तिनं पहिल्यापासून घेतलं, आणि रस्ता तिच्या मागून आला. तिसऱ्या ओळीपाशी कुणीही उडी मारली नाही. सगळे गप्प उभे राहिले, लेकरं खांद्यावर घेऊन, वाऱ्यानं उडणारे घागरे हातानं धरून, आणि तिनं ती ओळ एकटीनं म्हटली. ओळ संपली. मग सगळ्यांनी उडी मारली.