बाविसावा महिना

"जन्मतारीख?" मी विचारलं.

"पाच सप्टेंबर," नर्स म्हणाली.

तिच्या देशातून आलेला पोलिसांचा दाखला मी तिच्यापुढे सरकवला आणि जन्मतारखेवर बोट ठेवलं. 09-05. म्हणजे नऊ मे. पासपोर्टावर मात्र पाच सप्टेंबर. एका बाईला दोनदा जन्म घेता येत नाही, असं मी तिला ऐकवलंही.

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक माणसाचे कागद आमच्या हॉस्पिटलात माझ्याच टेबलावरून जातात. डिग्री खरी का, आधीची नोकरी खरी का, पोलिसांत काही नोंद आहे का, इथे काम करायची परवानगी आहे का. सव्वीस वर्षं हेच करतेय. माझ्या माघारी मला चाळणी म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडतं.

ही नर्स आठ महिने वॉर्डात होती, पण दाखला येईपर्यंत तात्पुरती. कामाला वाघीण, पेशंट तिचं नाव काढायचे. सगळ्यांना आवडणारी माणसं मला मुळातच खुपतात. नोकरी पक्की झाली की तिचा नवरा आणि मुलगी येणार होते. मुलीसाठी तिनं शाळासुद्धा बघून ठेवली होती. नोकरी गेली तर परवानगीही जाणार आणि साठ दिवसांत देश सोडावा लागणार, हे तिला माहीत होतं. मलाही होतं.

आमच्याकडे आधी महिना लिहितात आणि मग तारीख, असं तिनं मला समजावलं. अगदी हळू आवाजात. मी म्हटलं, इथे तसं चालत नाही.

"मॅडम, खाली सहीजवळची तारीख बघा ना एकदा."

माझं काम मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. मी तिला जायला सांगितलं आणि साहेबांना मेल टाकला: कागदपत्रांत तफावत, फसवणुकीची शक्यता. फसवणूक हा शब्द मी मुद्दाम घातला. तो फाइलीत शिरला की पुढे कुणी काही विचारत नाही.

मग निवांत चहा घेतला. दाखला फाइलीला लावताना सहज खाली नजर गेली. 03-22. आता बाविसावा महिना कुठल्या कॅलेंडरात असतो?

मी साहेबांना दुसरा मेल लिहायला घेतला. दोनच ओळी लिहायच्या होत्या, माझी चूक झाली, दाखला बरोबर आहे. लिहिल्या, पुसल्या. पुन्हा लिहिल्या. तेवढ्यात साहेबांचं उत्तर आलं, शाबास, तुमच्यामुळे वाचलो. विभागाची प्रमुख म्हणून माझी नेमणूक पुढच्याच महिन्यात व्हायची होती. मी दुसऱ्यांदा पुसल्या.

मनाची समजूत घातली की ती अपील करेल, सुटेल. तिनं केलंही. सात पानं, आणि तिकडच्या पोलिसांचं खुलाशाचं पत्र. पण आमच्याकडे अपीलसुद्धा माझ्याच टेबलावर येतं. मी पत्र नीट वाचलं आणि वर शेरा मारला, नवीन पुरावा नाही.

शेवटच्या दिवशी ती ओळखपत्र परत करायला आली. आरडाओरडा करेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. तिनं कार्ड टेबलावर ठेवलं.

"तुम्ही खालची तारीख बघितलीत ना?"

"इथे सही करा," मी म्हटलं.

तिनं सही केली, पेनाला टोपण लावलं आणि गेली. मला लाज वाटली. खरंच वाटली, त्या दिवशी मी जेवलेही नाही. पण मेल काही पाठवला नाही, आणि आठवड्याभरात तिचं विमान गेलं.

प्रमुख झाल्यावर नव्या चौघींना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच तासाला फळ्यावर एक तारीख लिहिली आणि सांगितलं, परदेशी दाखल्यावर आधी महिना असू शकतो. घाई करायची नाही. बारापेक्षा मोठा आकडा कुठे आलाय ते शोधायचं, म्हणजे क्रम कळतो. नाहीतर एखाद्या निर्दोष माणसाचं वाटोळं होईल.

पुढे बसलेल्या मुलीनं कौतुकानं विचारलं, "मॅडम, हे तुमच्या कसं लक्षात आलं?"

"अनुभवानं," मी म्हटलं.

तिनं ते वहीत लिहून घेतलं.