दांडगे सरांचा सी-लँग्वेजचा तास

त्या जूनमध्ये बी.एस्सी.च्या गणिताला इतकी कमी मुलं आली की फादर शिणगाऱ्यांनी तो वर्गच बंद केला, आणि गणिताचे आप्पासाहेब दांडगे सर कॉम्प्युटर विभागात आले. आले म्हणजे आणले गेले. स्वतःहून ते कधीच आले नसते.

कॉम्प्युटर शिकलं की पोरगं थेट अमेरिकेला जातं, असं औरंगाबादेत घराघरांत वाटायचं, ते हे दिवस. छावणीतलं हे कॉलेज कॅथलिक मिशनचं. पुढे मैदान, मधे दगडी इमारत, मागे चर्च. प्राचार्य फादर शिणगारे मूळचे गंगापूर तालुक्यातले. अंगात पांढरा झगा आणि तोंडात गावाकडची बोली. कॉम्प्युटरच्या मुलांनाही त्यांनी साहित्याचा आणि तत्त्वज्ञानाचा तास सक्तीचा केला होता. "नुसतं बटनं दाबणारी मानसं काढायला आपलं कॉलेज न्हाई," असं ते प्रत्येक सभेत म्हणायचे. पोरं वैतागायची, पण बसायची.

कॉम्प्युटर विभाग म्हणजे खरं तर एकट्या आशा मॅडम. बरोबरचे दोघे चांगल्या नोकऱ्या मिळून पुण्याला निघून गेले होते आणि त्यांच्या जागी कोणी टिकत नव्हतं. सकाळी सातला पहिला तास, मग प्रॅक्टिकल, मग पुन्हा तास, वीज गेली की बॅटऱ्यांची पीं-पीं, वीज आली की कुठलं मशीन चालू झालं नाही ते बघत फिरणं. नवरा बन्सी वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जायचा. दोघांची गाठ बऱ्याचदा दारातच पडायची, एक बाहेर निघालेला, एक आत आलेली, आणि मधे कडेवरून कडेवर जाणारी लहान मुलगी. रविवारी झोप काढली तरी सोमवारी आशाचे डोळे तसेच जड असायचे. थकवा आता अंगाचाच भाग झाला होता.

अशात फादरांनी बोलावून सांगितलं, "दांडगे सरांना सेकंड इयरचा सी-लँग्वेजचा पेपर दिलाय. तुम्ही त्यांना जरा तयार करा."

आशाला नाही म्हणता आलं नाही. फादरांना नाही आणि दांडगे सरांना तर नाहीच. ती याच कॉलेजात शिकली होती, सरांच्याच वर्गात. खुलताबादच्या डोंगराकडून आलेली, मेंढरं वळणाऱ्या सोनाजीची पोर. सर कडक होते. शाबासकी द्यायची त्यांना सवयच नव्हती. पण शेवटच्या वर्षी त्यांनी तिला थांबवून एवढंच सांगितलं होतं, "गणितात पुढं काय उरलं नाय आता. तू कॉम्प्युटरकडं जा." तिलाच नव्हे, दरवर्षी वर्गातल्या हुशार पोरांना ते हेच सांगायचे. त्यांचं ऐकून पोरं गेली, आणि त्यांच्या मागं त्यांची भावंडंही थेट कॉम्प्युटरलाच आली.

दुपारी प्रयोगशाळा रिकामी झाली की शिकवणी सुरू व्हायची. सर दाराशी चपला काढत, रुमालाने खुर्ची पुसत आणि बसत. पहिल्या आठवड्यातच गाडी अडली.

"हे काय लिवलंय? एक्स बरोबर एक्स अधिक एक?"

"हो सर. म्हणजे एक्स एकने वाढवायचा."

"दोन्हीकडून एक्स काढ. शून्य बरोबर एक राहिलं की!" सर खरोखर रागावले होते. "हे मी पोरांपुढं फळ्यावर लिहू? आयुष्यभर ज्याला चूक म्हणलो ते?"

"सर, ही बरोबरची खूण नाही. एक्स हा डबा समजा. डब्यात जे आहे त्यात एक मिळवायचा आणि परत त्याच डब्यात ठेवायचं."

"मग खूण तरी दुसरी घ्यायची ना, बाई."

सरांना समजत नव्हतं असं नाही. फळ्यावर ते पायरीपायरीने बरोबर मांडायचे. पण मशीनपुढं बसले की एका बोटाने अक्षरं शोधायचे, ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरायचे, आणि पडद्यावर चुका दाखवणाऱ्या ओळी आल्या की कोणीतरी तोंडावर बोलल्यासारखे गप्प व्हायचे. आशा शेजारी बसून धीर धरायची. तिला घरी जायचं असायचं. घड्याळाकडे बघायचं नाही असं ती मनाशी ठरवायची आणि बघायची.

ऑगस्टमध्ये व्हायचं ते झालं. सर वर्गाला प्रॅक्टिकल घेत होते. त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवून दाखवला, आणि तो थांबेचना. पडद्यावरून आकडे धो-धो धावत सुटले. थांबायची अट लिहायची राहिली होती. पोरं आधी कुजबुजली, मग हसली.

"सर, कंट्रोल ब्रेक दाबा," मागून कडूबा ओरडला. बिडकीनचा हा पोरगा वर्गात सगळ्यांच्या पुढं असायचा आणि ते त्याला ठाऊकही होतं.

सरांना ती बटणं सापडली नाहीत. पोरं आणखी हसली. सरांनी उठून भिंतीवरचा, बॅटऱ्यांचीही वीज तोडणारा मोठा खटका खाली ओढला, आणि त्या अख्ख्या ओळीतले पडदे काळे झाले. पोरांनी तासभर खपून लिहिलेलं, जतन न केलेलं सगळं गेलं. आता कोणी हसलं नाही. कडूबा उठला, त्याच्या मागं बाकीची उठली आणि सगळी तडक फादरांच्या खोलीपुढे जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी फादरांनी आशाला बोलावलं. टेबलावर चहा होता. त्यांनी स्वतःच कप पुढं सरकवला.

"पोरं म्हनतात, आमचं वर्ष वाया चाललंय. मी त्यांना दटावलं, मानसाचा मान ठेवायला शिका म्हनलं. पन दटावून परीक्षा पास होत न्हाई." त्यांनी उठून दार लोटून घेतलं. "मॅडम, खरं सांगा. दांडगे सर हा विषय शिकवू शकतील?"

जमेल सरांना, थोडा वेळ द्या, असं म्हणणं किती सोपं होतं. म्हटलं असतं तर त्यांचा पेपर तिच्या डोक्यावर आला नसता. पण तिच्या नजरेसमोर ती काळ्या पडद्यांपुढे बसलेली पोरं येत होती. त्यांतली निम्मी अशी, की घरात कॉलेजला आलेलं पहिलंच माणूस. तीही तशीच होती.

"नाही, फादर," ती म्हणाली. "या वर्षी तरी नाही."

"मग सरांना मी सांगू?"

"मी सांगते. मीच शिकवत होते त्यांना."

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना सायकल स्टँडच्या कडुलिंबाखाली गाठलं. डोळ्याला डोळा न भिडवता तिने सांगितलं की सी-लँग्वेजचा पेपर आता ती घेणार आहे, फादरांनी विचारलं तेव्हा आपण काय उत्तर दिलं तेही सांगितलं, काही लपवलं नाही. सरांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"तुझा तास नाय का आता?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग जा की. पोरं थांबली असतील."

त्यानंतर ते रजेवर गेले. दिवाळीपर्यंत देवगाव रंगारीला आपल्या घरी शेतावर राहिले. परत आले तेव्हा फादरांनी त्यांना कॉम्प्युटरच्याच पहिल्या वर्षाला लागणारं गणित दिलं. तो पेपर कोणाला नको असायचा. सर तो वर्षानुवर्षे शिकवत आल्यासारखा शिकवू लागले, पाठमोरे उभे राहून, फळ्याशी बोलत. पोरांना फार आवडले असं नाही, पण तक्रारही कोणी केली नाही. आशाशी मात्र ते बोलत नव्हते. स्टाफरूममध्ये ती आली की ते वर्तमानपत्र उघडायचे. तिने दोनदा स्वतःहून विषय काढून बघितला. "व्हय," "नाय," एवढंच उत्तर. मग तिनेही सोडून दिलं. रुसवा काढायला लागतं तेवढंही बळ तिच्यात उरलं नव्हतं. सरांचे तास आता तिच्याकडे होते आणि दिवस आधीच भरलेला होता.

जानेवारीत तिचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग फक्त हवा येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, बोलणं पूर्ण बंद ठेवा. बन्सी म्हणाला, रजा टाक. पण विद्यापीठाची प्रॅक्टिकल तोंडावर होती आणि सेकंड इयरचा सगळ्यात अवघड भाग राहिला होता, स्वतःलाच हाक मारणारं फंक्शन, म्हणजे काम पुरं करायला स्वतःलाच पुन्हा बोलावणारा प्रोग्रॅमचा तुकडा. रजा टाकली तर तो भाग शिकवायला दुसरं होतं कोण? ती गळ्याला मफलर गुंडाळून वर्गात गेली आणि फळ्यावर लिहू लागली.

पोरं उतरवून घेत होती. कळत कोणालाच नव्हतं. ती वळून खुणेने विचारायची, कळलं का? पोरं माना हलवायची. ती कशी माना हलवतात हे तिला चांगलं माहीत होतं. मागचे बाक हळूहळू बोलू लागले, मग मधले. तिने डस्टर टेबलावर आपटलं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. रडायचं नव्हतं तिला, ते आपोआपच आलं.

बाहेर दांडगे सर उभे होते. पुढचा तास त्याच खोलीत त्यांचा होता. ते किती वेळ बघत होते कोण जाणे. चपला दाराशी काढून ते आत आले. ही काही प्रयोगशाळा नव्हती, पण त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

"तू लिही," ते आशाला म्हणाले. "मी वाचतो."

सर वर्गाकडे वळले. "मॅडमचा आवाज गेलाय. आजचा दिवस माझा आवाज घ्या. पन मला यातलं येत न्हाई, हे तुमाला ठाऊकच हाय."

कोणी हसलं नाही. कडूबा खाली बघत होता.

आशा लिहू लागली आणि सर मोठ्याने वाचू लागले, एकेक ओळ, सावकाश. चौथ्या-पाचव्या ओळीला ते थांबले.

"थांब. हे फंक्शन स्वतःलाच बोलावतंय का काय?"

आशाने मान हलवली.

"मग ते परत स्वतःला बोलावनार. मग परत. हे थांबनार कधी? मागं माझं न्हाई थांबलं."

आता वर्ग हसला, आणि सरही हसले. आशाने थांबायची अट लिहून तिच्याखाली ठळक रेघ मारली. सरांनी ती वाचली, मान तिरकी केली, मनाशी काही जुळवलं.

"आता कळलं. पन परत येताना उत्तर कुठं ठेवलं त्यानं?"

ही शंका मधल्या बाकावरच्या मुलींनाही होती. त्या एकदम सरसावून बसल्या. आशाने डब्यांवर डबे काढले, प्रत्येक डब्यात एक अडून राहिलेलं काम, आणि सर एकेक डबा वरून उतरवत वाचत गेले. एके ठिकाणी ते चुकले. तिने खडूने टकटक केली. त्यांनी पुन्हा वाचलं. पुन्हा चुकले.

"सर, तिथं मला पण कळलं नव्हतं," कडूबा बसल्या जागेवरूनच म्हणाला. वर्गात त्याने असं काही कबूल केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. "मॅडम, तेवढं परत लिहा ना."

तास संपला तरी पोरं उठली नाहीत. सरांचा पुढचा वर्ग दाराशी ताटकळत होता, तेव्हा कुठे सगळे हलले.

स्टाफरूममध्ये आशा खुर्चीत पडल्यासारखी बसली. सरांनी शिपायाला सांगून गरम पाणी मागवलं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिला बरंच काही म्हणायचं होतं. आवाज असता तरी ते म्हणता आलं असतं की नाही, तिलाच माहीत नव्हतं.

"तू फादरांना सांगितलंस ते बरोबरच व्हतं," सर खिडकीकडे बघत म्हणाले. "मला राग आला. लई आला. गावाकडं जाऊन बसलो तरी जात नव्हता." त्यांनी पेला तिच्याकडे आणखी सरकवला. "पानी पी. गार हुईल."

ती पाणी प्यायली.

"आन् त्या शेवटच्या डब्याचं मला अजून कळलं न्हाई. उद्या परत लिव."

तिचा आवाज पूर्ण यायला त्यानंतर बरेच दिवस लागले. तोवर सर रोज आले. आवाज आल्यावरही, मोकळे असले की ते मागच्या बाकावर बसत आणि अडलं की सरळ हात वर करत. त्यांच्यामुळं पोरांनाही विचारायची लाज वाटेनाशी झाली. परीक्षेत बरीच पास झाली, काही राहिलीही. विभागाला नवीन शिक्षक त्या वर्षी मिळाला नाही, पुढच्या वर्षीही नाही. निकालाच्या दिवशी फादर पेढे वाटत फिरत होते, तेव्हा आशा प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या मशीनपुढे हातावर डोकं टेकून झोपली होती. फादर तिला उठवायला निघाले.

"ऱ्हाऊ द्या, फादर," दांडगे सर म्हणाले, आणि तिच्या वाट्याचा पेढा कागदात गुंडाळून त्यांनी कीबोर्डशेजारी ठेवला.