झुल्खुमोर आपाची कढई

या, जवळ सरकून बसा. उझबेकिस्तानातल्या आमच्या मर्गिलान गावच्या झुल्खुमोर आपाची गोष्ट सांगतो.

रेशमाच्या कारखान्यात, साबणाच्या पाण्याच्या कढईत दीड तास, मंद आचेवर रेशीम उकळून ती धाग्यावरचा नैसर्गिक डिंक काढायची. एके सकाळी नवा व्यवस्थापक सोबिर कॉस्टिक सोड्याचा डबा घेऊन आला.

"आपा, हा टाका, वीस मिनिटांत काम होतं. नाहीतर उद्यापासून घरी बसा."

"बाळा, डिंकही प्रथिन आणि आतला धागाही प्रथिनच. तुझा सोडा डिंकावर थांबत नाही. धाग्यातल्या प्रथिनाच्या घट्ट बसलेल्या साखळ्याही तोडतो."

"पण चमक येते ना?"

"येते की. मढ्यालाही शेवटच्या आंघोळीनंतर येते."

कारागीर हसले. आपाने थोडं रेशीम सोड्यात वीस मिनिटं उकळलं आणि त्या धाग्याचा एक पदर सोबिरच्या दोन्ही मनगटांभोवती बांधला. त्याने हिसका देताच तो तुटला. मग तिने तेवढ्याच जाडीचा, साबणात उकळलेला स्वतःचा पदर बांधला. सोबिरने पुन्हा पुन्हा ओढलं, मनगटं लाल झाली, पदर तुटेना. आपा शांतपणे चुलीत लाकूड सारत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिला खरंच काढून टाकलं. तिने बिस्मिल्ला म्हणून घरच्या अंगणात रेशमासाठी स्वतःची कढई चढवली.

नमाजानंतर दुआ मागाल, तेव्हा झुल्खुमोर आपाचीही आठवण ठेवा.